खडू राहिला, कोरा कागद गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांची यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली आहे. तीत ‘हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन’ (२०२४) या चित्रपटाची शिफारस ‘कल्पनाशक्तीला खतपाणी घालणारा’ अशा शब्दांत केलेली वाचून मी तो सहा वर्षांच्या नातवासोबत घरी पाहिला. ज्या चित्रपुस्तकावर तो बेतला आहे, ते मी चित्रकला शिक्षक म्हणून वर्गात अनेक वर्षे वापरले असल्याने निराशा जरा जास्तच झाली, हे आधीच कबूल करतो.

क्रॉकेट जॉन्सन यांचे हे पुस्तक १९५५ सालचे. पाने चौसष्ट, प्रत्येक पानावर एखाददुसरे वाक्य, आणि कोऱ्या कागदावर जांभळ्या खडूची एकच रेघ. अंगडे घातलेला हॅरॉल्ड नावाचा एक लहानगा चांदण्यात फिरायला जायचे ठरवतो. चंद्र नसतो म्हणून तो चंद्र काढतो, चालायला काही नसते म्हणून वाट काढतो. पुढे सफरचंदाच्या झाडाच्या राखणीला तो एक ड्रॅगन काढतो आणि आपणच काढलेल्या ड्रॅगनला घाबरून मागे मागे सरकतो. पाठीमागे धरलेला खडूचा हात थरथरत असतो, त्या थरथरीची नागमोडी रेघ उमटत जाते, आणि पाहतो तो काय, त्या रेघेचा समुद्र झालेला असतो व पोरगा त्यात बुडू लागलेला असतो! मग घाईघाईने होडी काढणे आले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवण्यात माझी हयात गेली. पहिली रेघ चुकेल या धास्तीने ड्रॉइंग शीटकडे नुसते बघत बसणाऱ्या मुलांना मी हेच पान दाखवत असे. हॅरॉल्डकडे खोडरबर नाही. जे काढले ते काढले, आता त्यातूनच पुढची वाट काढायची, एवढ्यावर ते सगळे पुस्तक उभे आहे.

चित्रपटात नेमके हेच उरलेले नाही. सुरुवातीचा थोडासा भाग पुस्तकाच्या रेघेत चितारलेला आहे आणि तो छान आहे. दिग्दर्शक कार्लोस साल्डान्हा मुळात ॲनिमेशनमधले, हे तिथे जाणवते. पण मग हॅरॉल्ड मोठा होऊन खऱ्या जगात येतो, आणि त्याच्या भूमिकेतले चाळिशी ओलांडलेले झॅकरी लीव्हाय डोळे विस्फारून बागडू लागतात. लहान मुलाचे वागणे आणि पोरकटपणा यांत फरक असतो. पुस्तकातला हॅरॉल्ड अत्यंत गंभीरपणे, विचार करून चालतो. चित्रपटातला प्रत्येक ठिकाणी धांदल उडवतो. शिवाय खऱ्या जगात रस्ते, घरे, दुकाने, सगळे आधीच भरलेले असल्यामुळे खडूला काम असे राहतच नाही. हवी ती वस्तू क्षणात हजर करणारी जादूची कांडी, एवढाच त्याचा उपयोग उरतो. नातवाने मध्येच विचारले, ‘‘आजोबा, त्याला पाहिजे ते काढता येतं, मग तो रडतोय कशाला?’’ मला उत्तर देता आले नाही. वडील गमावलेला मुलगा, स्वतःची कादंबरी छापून न आल्याने खडूवर डोळा ठेवणारा ग्रंथपाल आणि शेवटी हॅरॉल्डची त्या ग्रंथपालाशी जादुई लढाई, ही भर कोणत्याही चित्रपटात चालली असती. तिला हे पुस्तक कशाला हवे होते?

एवढ्याशा पुस्तकाचा दीड तासाचा चित्रपट करायचा तर भर घालावीच लागणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मग तो दीड तासाचा करावाच का? याच पुस्तकावर १९५९ साली अवघ्या काही मिनिटांचा अनुबोधपटाएवढा छोटा ॲनिमेशनपट निघालाच होता.

जाता जाता भाषेची एक गंमत सांगतो. पुस्तकाच्या शेवटी खिडक्याच खिडक्या काढूनही हॅरॉल्डला आपली खिडकी सापडत नाही. मग आपल्या खिडकीत नेहमी चंद्र दिसतो हे आठवून तो चंद्राभोवतीच चौकट काढतो, पलंग काढतो आणि पांघरूण ओढतो. इंग्रजीत तिथे ‘चितारणे’ आणि ‘ओढून घेणे’ या दोन्ही अर्थांना एकच क्रियापद असल्याने श्लेष साधला आहे. वर्गात मराठीतून सांगताना मला तो आयताच मिळाला, कारण आपल्याकडे रेघही ओढतात आणि पांघरूणही ओढतात. एवढ्या एका शब्दावर चाळीस मुले हसत. चित्रपट पाहताना नातू एकदाही असा हसला नाही, आणि लढाई सुरू असताना उठून खेळायला गेला.

पुरवणीत पुन्हा अशी यादी छापाल, तेव्हा चित्रपट ज्या पुस्तकावरून घेतला त्याचे नाव, वर्ष आणि पानांची संख्या कृपया खाली द्यावी. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे