सिन्या, माझे अकरा रुपये

सोलापूर,
१४ सप्टेंबर

प्रिय सिन्या,

तब्येत बरी आहे, साखर आहे तिथेच. अम्माच्या दिवसांना आलो नाही, नंतर फोनही केला नाही. शिव्या दे, पण आधी हे वाच बे.

परवा पावसात नाल्यावर थांबलो. पाणी फिरोजी! नाल्याचा रंग बघून उद्या कुठली चादर वाळत पडणार याच्या पैजा लावायचो ना आपण? हसलो, पण घरी येईपर्यंत हसू गेलं. पंचवीस वर्षं डाईंगवर काढली. रात्री हौदाची मोरी उघडणारा हात माझाच होता. फिरोजीत तांबं असतं, आणि मीठ-सोडा कितीही टाका, सगळा रंग काही सुताला धरत नाही.

‘रंग समुद्रात गेला की मिटला,’ असं तू म्हणायचास. कुडलच्या संगमावर, १०१८च्या त्या मराठी शिलालेखासमोर, यावरून आपलं जुंपलं होतं. पैज मी हरलो आणि अकरा रुपये दिले.

आता ऐक. भाची एमएस्सी करतेय, तिनं समजावलं. हौदात मीठ कशाला टाकतो आपण? रंग सुताकडे ढकलायला. खाडीतही मीठच काम करतं. नदीचा बारीक गाळ कणाकणानं तरंगत येतो, खारं पाणी लागलं की त्याचे गोळे होतात आणि तळाला बसतात. तांबं, शिसं त्यालाच चिकटलेलं. कॅडमियम या धातूचं मात्र उलटं, ते मिठात गाळाला सोडून पाण्यात उतरतं. गाळ किडे खातात, किडे खेकडे खातात, खेकडे तुम्ही.

आमचं पाणी सीनेत, सीना भीमेत, भीमा रायचूरजवळ कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात हंसलादीवीला समुद्रात, तुझ्या दाराशी. बराचसा गाळ वाटेतल्या श्रीशैलम, नागार्जुनसागर धरणांतच बसत असणार, अशी मी मनाची समजूत घालतो. पण जे विरघळलेलं, ते धरण कुठं अडवतं? पंचवीस वर्षांतल्या किती रात्री तुझ्यापर्यंत पोचल्या, हा हिशेब काही सुटत नाही.

तू पाठवलेली सुकट अजून डब्यात आहे. काल झाकण काढलं, वास घेतला, परत लावलं. ही म्हणाली, ‘खायची तर खा, नाहीतर मांजराला घाला.’ मांजरानं काय पाप केलंय?

पोरीचं ठरलं म्हणे, छान. नव्या तळ्यात कोळंबी सोडलीस का? पाणी कुठलं घेतोस, तेवढं नक्की कळव.

शेंगाचटणी पाठवतोय. वहिनींना नमस्कार. अकरा रुपये मनीऑर्डरनंच हवेत.

तुझाच,
बाळ्या