आधी केबल लावून मोजा

महोदय,

फायबरचे कनेक्शन असूनही नेट रडते, या तक्रारीवर ठाण्यात आणि नवी मुंबईत ठरलेला इलाज एकच. कॉल सेंटर राउटर बंद-चालू करायला सांगते आणि कंटाळलेला ग्राहक मोठा प्लॅन घेतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोष वाय-फायचा, घरातल्या वायरीचा की बाहेरच्या लाइनीचा, हे आधी वेगळे करायला हवे. त्यासाठी एक लॅपटॉप आणि दोन मीटरची कॅट-५ई किंवा कॅट-६ लॅन केबल पुरते.

टीव्ही, मोबाइल, कॅमेरे नेटवरून उतरवावेत, लॅपटॉपचे वाय-फाय आणि व्हीपीएन बंद करावे, केबल राउटरला जोडून स्पीड टेस्ट घ्यावी. एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. टेस्ट आपोआप निवडते तो सर्व्हर बहुतेकदा आपल्याच ऑपरेटरचा असतो. तो फक्त घर ते ऑपरेटर एवढाच रस्ता मोजतो. म्हणून दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला सर्व्हर निवडून पुन्हा मोजावे. यूट्यूब व्यवस्थित चालते, हा पुरावा नव्हे. त्याचा साठा बरेचदा ऑपरेटरच्याच जाळ्यात ठेवलेला असतो. आणि प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, डाउनलोडच्या खिडकीतला मेगाबाइटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० च्या प्लॅनवर तिथे १२ दिसले तर कुणी फसवलेले नाही.

२०० किंवा ३०० चा प्लॅन आणि केबलवरचा आकडा दर वेळी ९४-९५ वर अडकतो, असे फार घरांत आढळते. हा आकडा दिसला की लगेच लाइनमनला फोन करू नये. गिगाबिटसाठी, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगासाठी, लॅन केबलच्या आठही तारा लागतात. एखादी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि हाती ९४ च्या आसपास येतात. भिंतीतली जुनी चार तारांची वायर, दाराच्या फटीत चेपलेली केबल, नाहीतर मुळातच १०० चे पोर्ट असलेला ‘फुकट’ राउटर, यांपैकी काहीतरी निघते. काही ओएनयूंवर, म्हणजे फायबर जिथे संपते त्या डब्यावर, एकच पोर्ट गिगाबिटचे असते. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये असेल तर ती काढून या पोर्टमध्ये लावली तरी काम होते.

केबलवर पूर्ण वेग आणि मोबाइलवर ३०, तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वरची, खालची आणि शेजारची घरे मिळून वीस राउटर त्यावर भांडत असतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा. मात्र आरसीसीची एक भिंत मध्ये आली की तो पट्टा मान टाकतो. राउटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नये, एवढे सांगून हा विषय सोडतो.

आता लाइन. दारातून येणारी वायर आधी पाहावी. टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लग असेल तर ते फायबर. आठ पिनांचा पारदर्शक प्लग थेट राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरची लाइन जोडायच्या खाचेत) जात असेल आणि घरात ओएनयूच नसेल, तर फायबर गच्चीपर्यंतच आले आहे, पुढे डक्टमधून तांबे उतरले आहे. त्याची मर्यादा १०० मीटर. गच्चीवरचा स्विच उन्हात तापतो, वीज गेली की बंद पडतो, पावसाळ्यात विजा चमकल्या की पोर्ट जळतात. बिलावर मात्र ‘फायबर’च छापलेले असते!

ओएनयू असेल तर दिवे बघावेत. एलओएस लाल लुकलुकतो म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून (पासवर्ड बहुधा डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो) ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहावी. ती डीबीएममध्ये मोजतात. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या खाली गेले की लाइन काठावर. दर ३ डीबीच्या घटीला प्रकाश निम्मा होतो. मात्र प्रकाश घटला म्हणून २०० चे नीट १०० होत नाहीत. पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत हरवतात, कनेक्शन तुटते-जुळते. कारणे साधीच असतात: टीव्हीमागे घट्ट वळवलेली वायर, धूळ बसलेला प्लग, पाणी शिरलेला जॉइंट बॉक्स, हिरव्या प्लगला जोडलेला निळा. प्लग काढून डोळ्यांसमोर धरू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

केबलवर सकाळी २०० आणि रात्री ६० असेल, तर घरात काहीही बदलून उपयोग नाही. ऑपरेटरने घेतलेली बँडविड्थ ग्राहकांना अपुरी पडते आहे. ऐरोली, महापे पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत. मुंबईच्या सर्व्हरचा पिंग (तिथून उत्तर यायला लागणारा वेळ) सकाळी १० मिलिसेकंदांच्या आत आणि रात्री ८० वर जात असेल, तर अंतराची सबब चालणार नाही. तक्रारीत ‘स्लो’ न लिहिता दोन्ही वेळांचे केबलवरचे आकडे आणि आरएक्स पॉवर लिहावी, तक्रार क्रमांक घ्यावा. तेवढ्याने न भागल्यास दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

सोसायट्यांच्या कमिट्यांनी ऑपरेटरला गच्ची आणि डक्ट वापरू देताना फायबर फ्लॅटपर्यंत की गच्चीपर्यंत, हे लेखी घ्यावे. जोडणीच्या दिवशी केबलवरचा वेग आणि आरएक्स पॉवर पावतीवर लिहून मागावी. लाइनमनच्या पिशवीत पॉवर मीटर असतोच, दोन मिनिटांचे काम आहे.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, ठाणे