फार्मसी कौन्सिलवरचे सरकारनियुक्त पाच जण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फार्मासिस्टांची नोंदवही ठेवणाऱ्या राज्य फार्मसी कौन्सिलची निवडणूक आली की औषध दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पॅनेलांची छायाचित्रे फिरू लागतात आणि कोणते पॅनेल निवडून येणार यापलीकडे चर्चा जात नाही. आपण नोंदणीकृत फार्मासिस्ट पंधरापैकी फक्त सहा सदस्य निवडून देतो, याचा उल्लेख त्यात क्वचितच होतो. फार्मसी कायदा, १९४८ मधील कलम १९ नुसार पाच सदस्य राज्य सरकार नेमते, एक सदस्य डॉक्टरांच्या परिषदेतून निवडून येतो आणि तिघे पदसिद्ध असतात. राज्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, औषध नियंत्रण यंत्रणेचे प्रमुख आणि औषधांचे नमुने तपासणारे शासकीय विश्लेषक हे ते तिघे. हुद्द्यामुळे येणारे हे तिघे कोण आहेत आणि का आहेत, हे कोणालाही कळते. तसे त्या पाच जणांबाबत म्हणता येत नाही.

या पाचांपैकी किमान तिघांकडे फार्मसीची विहित पदवी किंवा पदविका असावी, अथवा ते नोंदणीकृत फार्मासिस्ट असावेत, एवढीच कायद्याची अट आहे. उरलेल्या दोघांसाठी तर तीही नाही. गंमत म्हणजे याच कायद्याच्या कलम ३ मध्ये केंद्रीय कौन्सिलवर केंद्र सरकारने नेमायच्या सहा जणांपैकी किमान चौघे प्रत्यक्ष व्यवसाय करणारे असावेत, असे स्पष्ट लिहिले आहे. राज्याच्या बाबतीत हा 'व्यवसाय करणारे' शब्द गळालेला दिसतो. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वी पदविका घेऊन नंतर काउंटरमागे एकदाही उभी न राहिलेली व्यक्तीही अट पूर्ण करते. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही.

हे पाच जण नुसते शोभेचे नसतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात, आणि केंद्रीय कौन्सिलवर राज्याचा जो प्रतिनिधी जातो, त्याच्या निवडीतही नियुक्त सदस्यांचे मत निवडून आलेल्यांइतकेच मोलाचे असते. पंधरा जणांत बहुमतासाठी आठ मते लागतात, म्हणजे निवडून आलेले सहाही जण एकत्र आले तरी ते पुरे पडत नाहीत. गैरवर्तनाबद्दल एखाद्या फार्मासिस्टचे नाव नोंदवहीतून काढण्याचा आदेश कौन्सिलची कार्यकारी समिती देते आणि त्यावर शिक्कामोर्तब कौन्सिल करते. ज्याच्या रोजीरोटीवर हा निर्णय होणार, त्याला समोर बसलेली व्यक्ती कोणत्या कारणाने तिथे आली हे विचारण्याचा हक्क असायला हवा.

मुदतीचे कलमही नजरेखालून घालण्यासारखे आहे. सदस्याची मुदत पाच वर्षे, किंवा त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत, यांपैकी जी अधिक असेल ती. पद रिकामे राहू नये हा हेतू समजण्यासारखा आहे, पण सरकारने नवी नेमणूक लांबवली तर जुना सदस्य विनासायास बसून राहतो, आणि निवडणूक लांबली तर निवडून आलेलेही तसेच राहतात. शिवाय निवडणुकीबाबत वाद झाल्यास अंतिम निर्णय राज्य सरकारचाच, म्हणजे पाच सदस्य नेमणाऱ्याचाच.

कायदा बदलणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. नेमणूक मात्र राज्य सरकारचीच आहे, आणि ती कशी करावी हे ठरवायला कोणाची आडकाठी नाही. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जाहीर अर्ज मागवावेत. नेमणुकीच्या अधिसूचनेत नुसते नाव न छापता त्या व्यक्तीची पात्रता, सध्याचे काम आणि निवडीचे कारण दोन ओळींत द्यावे. पाचांत एक जण सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करणारा आणि एक तालुक्याच्या गावी दुकान चालवणारा असावा, कारण निवडणुकीत पॅनेल उभे करण्याचे बळ या दोघांकडेही सहसा नसते.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, कराड