मंत्रिमहोदय, आमचं घरभाडं कुठं गेलं?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

परवा एका सार्वजनिक विद्यापीठाची जाहिरात आली: कनिष्ठ संशोधन अधिछात्र, पद एक, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आवश्यक, एकत्रित मानधन महिन्याला 37,000 रुपये. मुलाखत सोमवारी, प्रवासखर्च मिळणार नाही. संशोधनाला चालना देणार, असं आपलं सरकार दर अधिवेशनात सांगतं. ती चालना बहुधा हीच.

37,000 हा दर 1 जानेवारी 2023 पासूनचा आणि त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. घरभाड्यासाठी केंद्राने शहरांचे वर्ग पाडलेत, त्यात आमचं सोलापूर वाय वर्गातलं. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यानंतर केंद्राच्या नियमाने इथला दर 20 टक्के, म्हणजे महिन्याला 7,400 आणि वर्षाला 88,800. निधी देणाऱ्या संस्थेच्या मंजुरीपत्रात ही रक्कम असते, जाहिरातीत येईपर्यंत गळते. उमेदवाराला मंजुरीपत्र कुणी दाखवत नाही, त्यामुळे तो गुमान सही करतो.

सही झाली की हप्त्यांचा खेळ. प्रकल्पाचा निधी फेब्रुवारीत उतरतो आणि 31 मार्चच्या आत संपवा म्हणतात. मग यंत्रं घाईने घेतली जातात. माणसाच्या पगाराचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, मात्र वेगळं, इकडचे पैसे तिकडे वळवायला निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा निधी कसा खर्च झाला याचा दाखला, वित्त विभागात सहीसाठी पडून राहिलं की पुढचा हप्ता अडकतो. त्यात ना मार्गदर्शकाचा दोष, ना सहायकाचा, पण उपाशी कोण राहतं? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्याच्या नोंदी पावसाळ्यात घ्यायच्या असतात. माणूस नेमला जातो दिवाळीनंतर, तेव्हा गवत वाळलेलं असतं. अहवालात मात्र ‘क्षेत्रीय काम पूर्ण’.

ज्यांची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, थेट यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची), त्यांचं तरी बरं असेल असं वाटतं ना? तिथे संस्थेने दरमहा पोर्टलवर पुष्टी द्यावी लागते, एका कर्मचाऱ्याने (मेकर) भरायची आणि दुसऱ्याने (चेकर) मंजूर करायची. मेकर निवडणुकीच्या ड्युटीवर गेला की तो महिना कोरडा. दोन वर्षांनी तीन सदस्यांच्या समितीने काम तपासलं की 42,000 व्हायला हवेत. समितीच बसत नाही, आणि महिन्याचा 5,000 चा फरक थकत जातो. खोलीमालक थकबाकी मानत नाही, मेसवाला तर मुळीच नाही. घरचे विचारतात, एवढं शिकून अजून आमच्याकडेच हात का पसरतोस?

सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी रांगेत असलेल्यांचं तर विचारूच नका. 24 डिसेंबर 2023 च्या त्यांच्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेटचाच (राज्य पात्रता परीक्षेचाच) पेपर पुढे ठेवला गेला! नवे प्रश्न काढायचेही कष्ट नकोत. त्याच महिन्यात विधान परिषदेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ साहेब, दिवे लावायला आधी वीजबिल भरावं लागतं. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावर माणसं राबवायची, आणि वर संशोधनाचा दर्जा घसरला म्हणून परिसंवाद भरवायचे, चहा-नाश्त्यासह. त्या नाश्त्याचं बिल बरं वेळेत निघतं.

प्रत्येक जाहिरातीसोबत मंजुरीपत्रातलं मानधनाचं पान जोडायला लावा. मेकर आणि चेकरला पर्यायी माणूस नेमा. हप्ता लांबला तर विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून पगार द्यावा आणि नंतर वळता करून घ्यावा. आणि ती परवाची जाहिरात: सोमवारच्या आत घरभाड्याचं शुद्धिपत्र काढायला लावा. एक पान आणि एक सही, एवढंच काम आहे.

आपले,
सोलापुरातील संशोधन सहायक