पेट्यांना स्वेटर

वर्तकनगर, ठाणे
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. मधमाश्यांच्या पेट्यांभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बघून आईने विचारलं, "तिकडे माश्यासुद्धा चोरीला जातात का रे?" मग तिला सुतारपक्ष्याचं सांगितलं. जमीन गोठली की त्याला मुंग्या मिळत नाहीत, मग तो पेटीचं लाकूड फोडून आत चोच घालतो. तिचा विश्वास बसला नाही. "स्कॉटलंडला जाऊन बंड्या फेकायला शिकला," असं तिचं मत पडलं. ते तुझं तू मिटव.

दर पेटीत २० किलो मध शिल्लक ठेवलास, उंदरांसाठी दाराला पत्रा ठोकलास, आणि आता वसंत येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नुसती मागून पेटी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा! वाचून हेवा वाटला. माश्या राणीला मध्ये घेऊन गोळा करून बसणार, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब धरणार, आणि तू हीटरपाशी चहा पीत बसणार. चार महिने पगारी रजा.

आता एक गोष्ट सांगतो, वर्षभर पोटात ठेवली होती. मागच्या हिवाळ्यात माझी दोन नंबरची पेटी गेली, ती तुझ्यामुळे.

म्हणजे चूक माझीच. पण तू रोज व्हिडिओ पाठवत होतास. दोन भाग साखर, एक भाग पाणी, दार लहान करा, पेटीला काहीतरी गुंडाळा. त्याच आठवड्यात इथे पहाटे जरा गार वारा सुटला, बायकोने पंखा पाचावरून दोनवर आणला, आणि मला वाटलं, आली थंडी. वाण्याकडून गोणपाट आणलं, पेटीला नीट शिवून घातलं, दार दोन बोटांएवढं ठेवलं आणि रोज संध्याकाळी पाक. माश्या वाटी चाटूनपुसून साफ करायच्या. मला आपलं पुण्य लागल्यासारखं वाटायचं.

आपल्याकडचा उपासाचा काळ पावसाळा असतो हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. जुलैत आठ-आठ दिवस माशी दाराबाहेर पडत नाही, तेव्हा पाक मीच देतो. दिवाळीनंतर मात्र इथे त्यांची चंगळ असते. शेवगा असतो, नारळ तर बारा महिने असतो, आइसक्रीम वेलीचे गुलाबी झुबके असतात, पुढे आंब्याचा मोहोर, गिरीपुष्प, काटेसावर. तुझ्याकडे राणी अंडी घालायची थांबते, तेव्हा इथली राणी वेगात येते. मी नेमक्या त्या वेळी पोळ्यातली सगळी घरं पाकाने भरून टाकली. तिला अंडी घालायला जागाच उरली नाही. वर गोणपाटाची उकड.

डिसेंबरात झाकण काढलं तर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राण्यांची घरं लटकलेली. पाच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता जुनी राणी अर्धी पेटी घेऊन निघाली आणि समोरच्या इमारतीच्या पाइपवर घड करून बसली. मी शिडी शोधेपर्यंत येऊरच्या जंगलाच्या दिशेने उठलीसुद्धा.

नवी राणी जन्मली असावी, पण मिलनाला बाहेर पडली ती परत आली नाही. केबलच्या वायरवर वेडे राघू ओळीने बसलेले असतात, त्यातल्याच कोणाचा तो नाश्ता. तीन आठवड्यांनी पोळ्याची चौकट उन्हात धरली तेव्हा एकेका घरात तीन-तीन अंडी, तीही तळाशी नाहीत, भिंतीला चिकटलेली. कामकरी माश्यांनीच अंडी घालायला घेतली होती. त्यातून नरच होणार. आणि नरांच्या घरांवर ती टोपणं, मधोमध टाचणीने टोचल्यासारखं एकेक भोक. तुझ्या मेलिफेराच्या, म्हणजे तिकडच्या युरोपी माशीच्या, नरांच्या टोपणाला हे भोक नसतं, आमच्या सातेरीची, इथल्या देशी माशीची, ती खूण. मला एरवी ती बघायला आवडते. त्या दिवशी पोटात खड्डा पडला, कारण सगळं पोळं तेच होतं, कामकरी एकही नाही. फेब्रुवारीत राहिलेल्या मूठभर माश्या सोडून गेल्या आणि मेणकिडीने पोळ्याचं जाळं केलं. चौकट झटकली तर पांढऱ्या अळ्या आणि काळी भुकटी. गोणपाट तेवढं शाबूत होतं. त्यावर आता मांजर झोपतं.

या वर्षी तसं काही केलं नाही. पाऊस उघडल्यावर तळफळी काढून खरवडली, काळी पडलेली दोन पोळी मेणकिडीच्या हाती लागायच्या आत वितळवली, दार सताड मोकळं केलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं कठीण जातं, तुला माहीत आहे. गेल्या रविवारी उघडली तेव्हा पाच चौकटी पिल्लांनी भरलेल्या, मधोमध टोपणं आणि कडेने पिवळ्या-केशरी परागाची कमान. धूर लागलाच नाही. सातेरी फुसकारली, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तशी, आणि परत कामाला लागली.

गांधीलमाश्यांचा त्रास मात्र आहे. दारासमोर हेलिकॉप्टरसारखी तरंगत राहते आणि येणारीला टिपते. परवा एक जरा जास्तच धीट झाली, दाराच्या फळीवर उतरली. क्षणात तीसेक माश्यांनी तिला गोळ्यात घेतलं. हा गोळा ४६ अंशांच्या आसपास तापतो, गांधीलमाशी त्यात शिजते, आपल्या माश्या तगतात. मी चहा हातात घेऊन उभा होतो. चहा गार झाला.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो ना, त्यावरून यंदा नवीनच उपद्व्याप. डेंग्यूच्या अळ्या तपासणारे गच्चीवर आले, बॅटरी मारून वाट्या बघितल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी डासच पाळतो. आता वाट्यांत गॅरेजमधलं जळकं ऑइल आहे.

सोसायटीचं तर विचारूच नकोस. शेजारच्या टॉवरला आठव्या मजल्यावर आग्यामोहोळ लागलंय. त्या माश्या रात्री ट्यूबलाइटवर येतात, दिवाळीत तर आकाशकंदिलाखाली सडा पडायचा. दोष माझ्या पेटीला. आग्या वेगळी, सातेरी वेगळी, माझ्या माश्या अंधार पडला की घरी असतात, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे, पण त्यांना तुम्हीच बोलावलं असणार." यावर काय बोलणार? हल्ली कोणाला डास चावला तरी माझ्याकडे बघतात.

मध यंदा काढणार नाही. काढला तर मार्चमध्ये एखादा किलो, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी त्यांचा त्यांना ठेवून. २०२४ ला येऊरला कारवी फुलली तेव्हा लोकांनी विचारलं, कारवीचा मध मिळेल का? एवढ्या लांब सातेरी जातच नाही. तिचा संसार किलोमीटर-दीड किलोमीटरचा.

नाताळात तू माश्यांच्या अंगावरचा कोळीकिडा मारायला पेट्यांत ऑक्झॅलिक अॅसिड घालशील. "तुलाही आणू का?" असं विचारलंयस. नको. तो कोळीकिडा सातेरीत नरांच्याच घरात वाढतो, तेवढं त्या निभावून नेतात. आणायचंच असेल तर हेदरच्या मधाची बाटली आण, जेलीसारखा असतो म्हणतोस तो. आणि सुतारपक्ष्याचा फोटो, पेटीवर बसलेला, चेहरा नीट दिसेल असा.

आता थांबतो. उद्यासाठी ऊस आणि आवळे आणायचेत. गच्चीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर सकाळपासून माश्यांची झुंबड आहे आणि आई म्हणते, नवरीच्या अंगावरून त्यांना हाकल. मी हाकलतोय असं दाखवतो.

तुझा,
पक्या

ता. क. गोणपाट पाठवू का? तुझ्याकडे उपयोगी पडेल. मांजराचे केस आहेत जरा.