पीठ मुलांच्याच हातात राहू दे

सांगली,
मे महिन्याची अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात सुट्टीच्या शिबिरात मुलांना पिझ्झा शिकवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. एकच विनंती, बेकरीतून तयार बेस आणू नकोस. बेस आणला की मुलांच्या वाट्याला सॉस फासणं आणि चीज किसणं तेवढं उरतं. शिकण्यासारखं सगळं पिठात आहे.

सुरुवात वजनकाट्यानेच कर. 500 ग्रॅम मैदा, 320 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. बेकरीवाले पीठ 100 धरतात आणि बाकीचं त्याच्या टक्क्यांत मोजतात, म्हणजे इथे पाणी 64, मीठ 2. फळ्यावर नकोशी वाटणारी शेकडेवारी परातीशी बसल्यावर मुलं आपणहून करतात. आमच्या सहावीतल्या एका मुलीने 800 ग्रॅम मैद्याला 512 ग्रॅम पाणी लागेल, हे तोंडी सांगितलं.

पाककृतीत कोमट पाणी लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात माठातलं पाणी घे, नाहीतर पीठ भराभर फुगून आंबूस होतं. दोन वाट्यांत थोडं यीस्ट आणि साखर घालून एकीत कोमट, दुसरीत उकळतं पाणी ओत. पहिलीत फेस धरतो, दुसरी तशीच राहते. यीस्ट जिवंत असतं आणि कडकडीत पाण्याने मरतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता खरी कसोटी. पीठ कालवलं की ते बोटांना चिकटतं, मुलं रडकुंडीला येतात आणि कोरडा मैदा मागतात. देऊ नकोस. त्यांच्या हातातून गोळा घेऊन स्वतः मळायचा मोहही आवर. ओलं फडकं टाकून वीस मिनिटं परात बाजूला ठेव. तेवढ्या वेळात पाणी मुरतं आणि ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे आपोआप जुळायला लागतात. नंतर आठ-दहा मिनिटं तिंबलं की छोटासा तुकडा ताणून खिडकीसमोर धरायला सांग. न फाटता त्यातून उजेड दिसला की पीठ झालं. तो उजेड पाहताना मुलांचे चेहरे बघ.

एका मुलाने विचारलं, ज्वारीच्या पिठाचा का नाही करायचा? प्रश्न मला इतका आवडला की पुढचा सगळा वेळ त्यावरच गेला. मैद्याचा आणि ज्वारीचा एकेक गोळा पाण्यात धुवायला दिला. मैद्यातून पांढरं पाणी निघून गेलं आणि हातात रबरासारखा चिवट ऐवज उरला. ज्वारीचा गोळा विरघळूनच गेला. इटलीत बोलोन्याच्या बेकारी नावाच्या प्राध्यापकांनी असंच पीठ धुऊन ग्लूटेन वेगळं केलं होतं, ते 1745 साली छापून आलं. भाकरीचं पीठ आई गरम पाण्यात का भिजवते आणि भाकरी थापावी का लागते, याचं उत्तर त्या दिवशी मुलांनीच शोधलं. आपल्या भागातला खपली गहूही आणून ठेव. त्यात ग्लूटेन असतं, पण ते कमजोर. निम्मा मैदा मिसळून करून बघा.

पीठ दुप्पट झालं की गोळे कर, पुन्हा थोडा वेळ झाकून ठेव. लाटणं मात्र कपाटात. लाटलं की साठलेला वायू निघून जातो; बोटांनी मधून कडेकडे सरकवत न्यायचं. युनेस्कोने 2017 मध्ये वारसा म्हणून नोंदवली ती नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला, हातांचं काम. वेडावाकडा झाला तरी ज्याचा पिझ्झा त्यानेच ओव्हनमध्ये सरकवावा.

ओव्हन 250 अंशांवर अर्धा तास आधी तापव, आठ-दहा मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर बिडाचा तवा चालतो. एक बाजू भाजून उलटायची, वर सॉस-चीज घालून मंद आचेवर झाकण ठेवायचं.

शिबिराची तारीख लगेच कळव. शनिवार असेल तर सकाळच्या एसटीने येतो. ज्वारीचं पीठ आणि खपली मी आणतो, तू मैदा आणि पराती बघ. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र