आनंदाची सगळी जबाबदारी एकट्या माणसावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत सुखी जीवनाविषयी जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता: आनंद ही ज्याची त्याने करायची निवड आहे आणि परिस्थितीचा वाटा त्यात नगण्य असतो. लेखकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. खचलेल्या माणसाला धीर द्यावा, त्याच्याही हातात काही आहे याची त्याला जाणीव करून द्यावी, ही तळमळ त्या लेखांत दिसते. परंतु परिस्थितीचा वाटा नगण्य असतो हे विधान मला चुकीचे वाटते, आणि आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ते आणखी एक ओझे ठेवते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका लेखात ५०, १० आणि ४० टक्के असा हिशेब दिला होता. आपल्या आनंदापैकी निम्मा आनुवंशिकतेने ठरतो, परिस्थितीमुळे जेमतेम दहावा हिस्सा, आणि उरलेला ४० टक्के आपल्या हातात असतो, असे त्यात म्हटले होते. हे आकडे सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांनी २००५ साली लिहिलेल्या शोधनिबंधातून आलेले आहेत आणि ते माणसामाणसांतील फरकाविषयी आहेत. कोणा एकाच्या आनंदाचे ते वाटे नव्हेत. एखाद्या वसतिगृहात सर्व मुलांना सारखेच पोटभर जेवण मिळत असेल, तर त्यांच्या उंचीतील फरक बहुतांशी आनुवंशिकतेचा निघेल आणि अन्नाचा वाटा जवळपास शून्य दिसेल. त्यावरून मुलांच्या वाढीला अन्न लागत नाही असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. ज्या समाजात बहुतेकांचे बरे चालले आहे, तेथील पाहण्यांमध्ये परिस्थितीचा आकडा लहान येतो तो याच कारणाने. शिवाय ते ४० टक्के स्वतंत्रपणे मोजलेले नव्हते, तर पहिले दोन आकडे वजा करून जे उरले ते माणसाच्या प्रयत्नांच्या खाती टाकले गेले होते. या मांडणीवर पुढे टीका झाली आणि मूळ लेखकांपैकी दोघांनी तिच्या मर्यादा मान्यही केल्या. तरीही तोच हिशेब अजून लेखांतून, व्याख्यानांतून आणि कार्यालयांतल्या शिबिरांतून सिद्ध झालेल्या नियमासारखा सांगितला जातो.

असेच दुसरे उदाहरण लॉटरीचे. लॉटरी जिंकणारे आणि अपघातात लुळे पडलेले लोक काही काळाने सारखेच सुखी होतात, असे पुरवणीत दोनदा छापून आले. हे संशोधन फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९७८ सालचे. त्यात लॉटरीचे विजेते होते २२ आणि अपघाताने दोन्ही पाय किंवा चारही हातपाय लुळे पडलेले लोक २९. शून्य ते पाच या मापावर सध्याचा आनंद विचारला, तेव्हा विजेत्यांची सरासरी ४.०० आली, सामान्य लोकांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६. विजेते इतरांहून फारसे सुखी नव्हते हे खरे आहे, पण अपघातग्रस्त स्पष्टपणे कमी सुखी होते. ते अपेक्षेइतके खचलेले नव्हते, ही माणसाच्या चिवटपणाला मानाचा मुजरा करावा अशी गोष्ट आहे. मात्र त्यातून अपघाताने काही फरक पडला नाही असा अर्थ काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

माणूस पुष्कळ गोष्टींना सरावतो, परंतु सगळ्यांना सरावत नाही. जर्मनीत २४ हजारांहून अधिक लोकांची १५ वर्षे वारंवार पाहणी करून २००४ साली रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नोकरी गेल्यावर जीवनाविषयीचे समाधान घसरते आणि पुन्हा काम मिळाल्यानंतरही सरासरीने ते आधीच्या पातळीवर पूर्णपणे परतत नाही. आता या लोकांनी दुःखी राहण्याची निवड केली होती, असे म्हणायचे काय?

यावर नेहमीचे उत्तर असे येते की श्रीमंत माणसेही दुःखी असतात. असतात, याबद्दल वाद नाही. पण अपत्याचा मृत्यू, असाध्य आजार, मोडलेले लग्न, बोलायला कोणी नसलेले घर या साऱ्यादेखील परिस्थितीच आहेत. पैसा म्हणजेच परिस्थिती असे धरून चालल्यामुळे हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, इतकेच.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मात्र पुढचा आहे. निवड करायलाही शक्ती लागते आणि ती शक्ती परिस्थितीच देते किंवा हिरावून घेते. तमिळनाडूतील ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच शेतकऱ्याची बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्यांतील कामगिरी तोडणीपूर्वी, म्हणजे हात तंग असताना, आणि उसाचे पैसे हाती आल्यावर अशी दोनदा तपासली होती. माणूस तोच होता, त्याचा स्वभाव तोच होता, पण पैशाची चिंता हटल्यावर त्याची कामगिरी लक्षणीय सुधारली. सकारात्मक विचार करा, आधी स्वतःच्या मनाकडे लक्ष द्या, असे आपण ज्याला सांगतो, त्याच्याजवळ द्यायला तेवढे लक्ष शिल्लक आहे का, हे पाहायला नको का?

माझ्या मावसबहिणीचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. तिच्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावे लागे; एका हाताने खांदा आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून, पाठीशी उशी लावून, ओली झालेली चादर त्यांना न दुखवता खालून ओढून काढावी लागे. रात्री दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता हे ती एकटी करत असे आणि नऊ वाजता कामावर हजर होत असे. तिच्या कार्यालयात मानसिक स्वास्थ्यावर व्याख्यान झाले. रोज झोपण्यापूर्वी कृतज्ञता वाटणाऱ्या तीन गोष्टी वहीत लिहा, असे सर्वांना सांगण्यात आले. तिने मनापासून लिहिल्या. काही आठवड्यांनी ती मला म्हणाली, "अगं, माझ्यातच काहीतरी कमी आहे बहुतेक. सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही." ती दमलेली आहे हे मला ठाऊकच होते, पण तोवर ती स्वतःला दोषी समजू लागली होती, आणि याचे दुःख मला अधिक झाले.

पुढे तिच्या नणंदेने आठवड्यातून दोन रात्री सासूबाईंजवळ झोपायला यायला सुरुवात केली आणि कार्यालयाने तिला सकाळी एक तास उशिरा येण्याची मुभा दिली. आजार तसाच राहिला, पैशाची ओढाताणही तशीच राहिली, पण तिचा चेहरा महिन्याभरात बदलला. ती फोनवर पुन्हा मोठ्याने हसू लागली, आणि वहीत लिहिणेही तिने आपणहून पुन्हा सुरू केले. त्या वहीचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. तिला आधी झोप मिळायला हवी होती, आणि ती झोप तिला एकटीच्या निर्धाराने मिळणारी नव्हती, दुसऱ्या कोणीतरी रात्र वाटून घ्यायला हवी होती.

माणसाच्या हाती काहीच नसते, अशी माझी भूमिका नाही. नियमित चालणे, मित्राजवळ मन मोकळे करणे, उगाळत बसण्याची सवय ओळखून ती हळूहळू सोडणे, यांचा लाभ अनेकांना होतो आणि तो खरा असतो. आपल्या ताब्यात काय आहे आणि काय नाही हे ओळखावे, असे शिकवणारा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस जन्माने गुलाम होता, हे त्या लेखांत आवर्जून सांगितले होते. पण ती शिकवण माणसाने स्वतःला लावून घेण्याच्या शिस्तीची आहे. मालकाने गुलामाला ती ऐकवली तर तिचा अर्थ काय उरतो? सद्गुणी मनुष्य यातना सोसत असतानाही सुखीच असतो असे म्हणणे निरर्थक आहे, हे ॲरिस्टॉटलने एपिक्टेटसच्याही कित्येक शतके आधी स्पष्टपणे सांगून ठेवले आहे.

मला खरी चिंता वाटते ती याच ठिकाणी. कामाचे तास, सुटी, पगाराची हमी ज्यांच्या हातात आहे, त्यांनी कर्मचाऱ्यांना आनंद निवडायला सांगणे सोपे आणि स्वस्त असते. तास कमी करणे महाग असते. घरातही तेच घडते. एकीने सगळे करायचे आणि बाकीच्यांनी तिला हसतमुख राहण्याचा सल्ला द्यायचा, हे किती घरांत चालते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. नैराश्याच्या आजाराबाबत तर असा सल्ला घातक ठरू शकतो, कारण ज्याला उपचारांची गरज आहे तो इच्छाशक्ती कमी पडली म्हणून स्वतःलाच बोल लावत राहतो आणि डॉक्टरांकडे जाणे लांबत जाते.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे. श्वसनाचे व्यायाम आणि वही लिहिण्याच्या सूचना जरूर छापाव्यात. त्यांच्याबरोबरच रात्रपाळी, कर्ज, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची देखभाल करणारी माणसे, नोकरी गेल्यानंतरचे महिने आणि उपचार कधी घ्यावेत या विषयांवरही जाणकारांचे लेख यावेत. तसेच आनंदाविषयीच्या प्रत्येक लेखात वाचकाने स्वतः काय करावे याच्या जोडीने, त्याच्याभोवतीच्या माणसांनी आणि त्याला कामावर ठेवणाऱ्यांनी काय करावे, यासाठीही थोडी जागा राखून ठेवावी.

आपली,
एक नियमित वाचक